फुप्फुसावरचा जुना डाग आणि कॅनडाची फाईल

समोर तरुण मुलंमुली आहेत, त्यांचे आईवडीलही आहेत, म्हणून आज कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, जी मेडिकल होते तेवढ्याबद्दलच बोलतो. मी छातीच्या रोगांचा डॉक्टर. एक्स-रेत काहीतरी निघालं की माणसं घाबरून माझ्याकडे येतात.

तपासणी तशी साधी आहे. फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही, कॅनडा सरकारने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच जावं लागतं. वय 5 पासून पुढे लघवी, 11 पासून छातीचा फोटो, 15 पासून रक्त. पाळी चालू असेल तर तारीख पुढची घ्या, नाहीतर लघवीत रक्त दिसतं आणि पुन्हा बोलावतात. दिवस गेलेले असतील तर आधीच सांगा, एक्स-रे बाळंतपणानंतर काढता येतो. नुसत्या बीपी-शुगरने सहसा काही अडत नाही, गोळ्यांची यादी तेवढी सोबत न्या. आणि पास-नापास पॅनेल डॉक्टर ठरवत नाही. तो अहवाल पाठवतो, निर्णय तिकडचं इमिग्रेशन खातं घेतं.

मला खरं बोलायचंय ते टीबीबद्दल. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली, आयसीयूत नर्स. तिचा एक्स-रे लाइटबॉक्सवर लावला. उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला, गळ्याच्या हाडाआड, खडूने ओढाव्यात तशा दोन-तीन रेघा आणि एक कठीण पांढरा ठिपका. मी विचारलं, "बाळ, लहानपणी टीबी झाला होता का गं?" ती आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "सातवीत होती, डॉक्टरसाहेब. सहा महिने गोळ्या दिल्या. पुढं सोयरीक जुळवताना अडचण नको म्हणून कुणाजवळ बोललो नाही." पॅनेल डॉक्टरने विचारलं तेव्हाही मुलीने 'नाही' सांगितलं होतं.

त्या आईवर मला राग आला नाही. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये हा जंतू दाखवून दिला, तरी आपल्या घरांत या आजाराचं नाव अजून दार लावून घेतात. पण फुप्फुसावरचा व्रण पुसला जात नाही. आणि जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीपेक्षा खोटं उत्तर कितीतरी महागात पडतं: चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा 5 वर्षं दार बंद करतं. मी तिला त्याच दिवशी पॅनेल डॉक्टरकडे परत पाठवलं, म्हटलं, जे झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगून ये.

मग तिचा बेडका तपासायला गेला. तीन दिवस, रोज सकाळी, छातीतून खोकून काढलेला. तोंडातली थुंकी चालत नाही. प्रयोगशाळेत अंडं घालून केलेल्या हिरव्या माध्यमावर तो पेरतात. टीबीचा जंतू असेल तर त्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे पिवळट पुंजके येतात. पण इतर कित्येक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, तिथे हा पंधरा-वीस तास घेतो. म्हणून वाट बघायची ती 8 आठवडे. कुणाच्या ओळखीने हा जंतू लवकर वाढत नाही, हे एजंटच्या मागे धावणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो.

तिच्या बेडक्यात काही वाढलं नाही. व्हिसा मिळाला, सोबत एक अट आली: तिकडे पोचल्यावर 30 दिवसांत स्थानिक सार्वजनिक आरोग्य कार्यालयाशी संपर्क साधायचा. तिथले लोक काही काळ तब्येतीवर लक्ष ठेवतात, एवढंच. ही अट वाचून पुष्कळांना वाटतं, आता परत पाठवतील. तसं नाही. जुना टीबी पुन्हा डोकं वर काढू शकतो, तो वेळेत सापडावा म्हणून ही सोय आहे.

तेव्हा घरात कुणाला कधी टीबी झाला असेल, तर उपचाराचं कार्ड, निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा, नंबर आणि जुने फोटो शोधून ठेवा. डाग वर्षानुवर्षं होता तसाच आहे, हे दाखवायला जुन्या फोटोइतका चांगला पुरावा नाही. त्या आईने तो जपला होता, ट्रंकेत तळाशी, साडीच्या पिशवीत. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात. मध्ये कोरा कागद घाला आणि पाकिटावर साल लिहा.