वयाचा रकाना

या चित्रफितीत मुलीचा चेहरा दिसणार नाही आणि तिचे नाव किंवा गावही सांगितले जाणार नाही, कारण अल्पवयीन पीडितेची ओळख उघड करण्यास पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, मनाई केली आहे. दिसतील ते तिचे हात आणि त्या हातांतले, घडीच्या जागी फाटत आलेले माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या आणि बाळाच्या तपासण्यांची नोंद ठेवणारे सरकारी कार्ड. कार्डावर वयाच्या रकान्यात १९ लिहिले आहे. शाळेच्या दाखल्यानुसार ती सतरा वर्षांची आहे.

हा आकडा का वाढला, हे समजण्यासाठी ऊसतोडीचा हिशेब पाहावा लागतो. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कमही, त्याच हिशेबाने दिली जाते. हंगामात आईवडील कारखान्याकडे निघाले की वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतो, आणि लग्न लावून दिले तर प्रश्नही मिटतो व नवा कोयताही उभा राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झाली होती. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के होते. अर्थात, अल्पवयीन गर्भवती मुली केवळ ऊसतोडीच्या गावांतच असतात असे नाही. त्या शहरांतही असतात, आणि त्यांतल्या कित्येकींचे लग्न झालेलेच नसते.

पाळी चुकल्याचे बहुधा आधी आशाताईंना कळते. इथेच पहिली अडचण उभी राहते. अठरा वर्षांखालील मुलगी गर्भवती असल्याचे कळल्यावर पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि ती विवाहित असली तरी यातून सुटका नाही, कारण अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. जावई तुरुंगात जाईल या धास्तीने घरचे वय वाढवून सांगतात, किंवा मुलीला थेट कळा सुरू झाल्यावरच दवाखान्यात आणतात. मधल्या काळात रक्तक्षय आणि वाढता रक्तदाब यांकडे कोणाचे लक्ष नसते, आणि कोवळ्या वयाच्या गर्भारपणात हेच दोन धोके मोठे असतात.

पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, तेव्हा गर्भवती राहून अडलेल्या विधवांना पहिले आश्वासन गुप्ततेचे दिले होते. आज कळवण्याची सक्ती आहे, आणि तिच्यामागे कारणही आहे; मात्र कळवल्यानंतर मुलीच्या वाट्याला काय येते, हे तिला कोणी सांगत नाही, ही खरी उणीव आहे.

पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला माहिती द्यायची असते. ही समिती मुलीसाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते, जी दवाखाना, जबाब आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी तिच्यासोबत राहते. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो आणि अत्याचारपीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेचे अर्थसाहाय्यही त्याच कार्यालयातून मंजूर होते. घरी राहणे धोक्याचे असेल, तर सखी वन स्टॉप सेंटर या पीडित महिलांसाठीच्या सरकारी केंद्रात तात्पुरता निवारा मिळतो. यांपैकी एकही पत्ता ठाऊक नसला, तरी १०९८ या बालकांच्या किंवा १८१ या महिलांच्या मदतवाहिनीवर केलेला फोन पुरेसा आहे. गर्भ ठेवायचा नसेल, तर पालकाच्या लेखी संमतीने चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो. अशा प्रसंगी मुलीची आणि पालकाची तशी विनंती असेल, तर डॉक्टरांना पोलिसांकडे द्यायच्या माहितीत तिची ओळख उघड करावी लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला आहे. ज्या भीतीने घरचे दवाखाना टाळतात, तिला यातून निदान काही प्रमाणात उत्तर मिळते. तरीही हा निर्णय गावपातळीवर फारसा कोणी सांगताना दिसत नाही.

बाळंतपण करायचे ठरले, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, १०२ क्रमांकावर गाडी येते आणि सरकारी रुग्णालयातील प्रसूतीचा खर्च द्यावा लागत नाही. पुढे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, बाळाचे वजन करतात, अंग गार लागते का ते पाहतात. नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आधी गावांमध्ये रुजवून दाखवली आणि मग ती देशभर गेली. सतरा वर्षांच्या आईला बाळ अंगावर नीट कसे घ्यायचे, हे न रागावता दाखवणारे माणूस याच भेटींत भेटते.

बाळ सांभाळणे शक्य नसेल, तर ते बाल कल्याण समितीसमोर स्वाधीन करता येते आणि निर्णय फिरवण्यासाठी कायद्याने साठ दिवस दिलेले आहेत. बालविवाहातून जन्मलेले मूल कायद्याने औरस ठरते, आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मुलगी तो विवाह रद्द करून घेऊ शकते. वय खोटे लिहिलेल्या कार्डामुळे मात्र यातले बरेच काही अडते, म्हणून जन्माचा किंवा शाळेचा दाखला हाताशी असलेला बरा.

शाळा सुटलेल्या मुलीला दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. या मुलीने तो मागवला आहे. माता-बाल संरक्षण कार्डाखालीच तो घडी घालून ठेवलेला आहे, आणि त्यावरच्या जन्मतारखेच्या रकान्यात तिने या वेळी खरी तारीख लिहिली आहे.