सेंट अँड्र्यूज : दगड गेले, गवत राहिले

(दृश्य : पहाटेचे धुके, समुद्र, कॅथीड्रलचे दोन सुळके)

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्र्यूज हे गाव आहे. उत्तर समुद्रावरचे धुके विरू लागले की सर्वांत आधी दिसतात ते हे दोन सुळके. शंभर मीटरहून अधिक लांबीच्या आणि स्कॉटलंडमधील सर्वांत मोठ्या चर्चच्या पूर्व भिंतीचा हा उरलेला भाग आहे. बाराव्या शतकाच्या मध्यास काम सुरू झाले, तेराव्या शतकात वादळाने पश्चिमेची दर्शनी भिंत पाडली, ती पुन्हा उभारली गेली, आणि १३१८ साली राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या उपस्थितीत चर्चचा अभिषेक झाला, तोवर गवंड्यांच्या कित्येक पिढ्या येथे राबून गेल्या होत्या.

शेजारचा चौकोनी मनोरा त्याहून जुना आहे. सेंट रूलचा हा मनोरा ३३ मीटर उंच असून, अरुंद चक्राकार जिना चढून माथ्यावर गेले की खाली थडगी, पलीकडे गावाचे रस्ते आणि दूर पश्चिमेला समुद्राला लागून गेलेला हिरवा पट्टा एकाच नजरेत येतो. या गावाची गोष्ट त्या दोन टोकांमधली आहे.

जून १५५९ मध्ये गावातील होली ट्रिनिटी चर्चमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्स याने धर्मसुधारणेची प्रवचने दिली आणि जमावाने कॅथीड्रलमधील मूर्ती व वेदी उद्ध्वस्त केल्या. पुढे तेथील उपासना थांबली, छपरावरचे शिसे निघाले, आणि बेवारस भिंतींतून लोक घरांसाठी दगड नेऊ लागले. मोठे चर्च असे हळूहळू गावातच विखुरले गेले.

(दृश्य : वाळूच्या टेकड्या, वाऱ्याने लवणारे गवत)

आता पश्चिमेचा पट्टा पाहू. समुद्र आणि सुपीक शेत यांच्यामधल्या रेताड, उंचसखल जमिनीला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात. तिथे नांगर चालत नसे; गुरे चरत, लोक गवताची ढेकळे कापून नेत, कपडे वाळत घालीत आणि खेळत. आपल्याकडच्या गायरानाशी तिचे नाते चटकन ओळखू येते. येथील आर्चबिशप (मुख्य धर्माधिकारी) जॉन हॅमिल्टन याला या जमिनीवर ससे पाळायचे होते आणि त्यासाठी त्याला गावाची संमती घ्यावी लागली. १५५२ च्या त्या सनदेत, गोल्फ, फुटबॉल आणि नेमबाजी यांसह सर्व खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क त्याने लेखी मान्य केला. सनदेनंतर सातच वर्षांनी त्याचे कॅथीड्रल मोडले, १५७१ मध्ये स्टर्लिंग येथे त्याला फाशी झाली. कागदावरचा हक्क मात्र टिकला.

तो टिकवण्यासाठी गावाला झगडावे लागले, हे येथे ठळकपणे सांगायला हवे. कर्जात बुडालेल्या नगरसभेने १७९७ मध्ये ही जमीन विकली. नव्या मालकांनी सशांचा व्यापारी धंदा मांडला, बिळांनी मैदान पोखरले गेले, आणि खेळाडू व ससेपालक यांच्यात वर्षानुवर्षे कज्जे चालले. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जागा विकत घेतल्यावर गोल्फ वाचला. १८९४ च्या कायद्याने जमीन पुन्हा गावाची झाली, आणि १९७४ च्या कायद्यानुसार तिची व्यवस्था एका विश्वस्त संस्थेकडे आली. येथील ओल्ड कोर्स हे जगप्रसिद्ध गोल्फ मैदान आजही सार्वजनिक जमिनीवर आहे. बाहेरून आलेल्या बहुतेक खेळाडूंना मात्र सोडतीत नाव लागण्याची वाट पाहावी लागते.

(दृश्य : कॅथीड्रलचे आवार, भिंतीतील शिल्प)

पुन्हा कॅथीड्रलच्या आवारात येऊ. भिंतीत बसवलेला हा दगडी तरुण पाहा : डोक्यावर टोपी, अंगात घट्ट कोट, दोन्ही हातांत काठी, नजर जमिनीवरच्या चेंडूवर. हा टॉमी मॉरिस. चार वेळा गोल्फची प्रतिष्ठेची ओपन स्पर्धा जिंकलेला हा मुलगा २५ डिसेंबर १८७५ रोजी, पत्नी आणि नवजात बाळ गमावल्यानंतर काही महिन्यांतच, वयाच्या २४ व्या वर्षी गेला. साठ गोल्फ मंडळांनी मिळून हे स्मारक उभारले.

त्याच्या पायथ्याशी वडील, थोरले टॉम मॉरिस, विसावले आहेत. मैदानाची निगा राखण्यात त्यांची जवळपास चार दशके गेली, आणि त्याच काळात ते होली ट्रिनिटी चर्चच्या ज्येष्ठ मंडळातही होते. रविवारी मैदानाला विश्रांती हवी, यावर ते ठाम होते.

(दृश्य : रविवार, स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल)

ती प्रथा आजही पाळली जाते; मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस सोडले, तर रविवारी ओल्ड कोर्सवर चेंडू मारला जात नाही. मेंढपाळांनी आपले कळप नेण्यासाठी बांधलेल्या या छोट्या कमानी पुलावरून आज एक आजोबा नातवाचा हात धरून चालले आहेत. मैदानाच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलच्या हिरवळीकडे एक कुत्रा मोकळा धावत सुटला आहे, आणि त्याला हाक मारणाऱ्या बाई गावातल्याच आहेत.