मिठानं पाणी सुटतं

(टेबलावर तीन परीक्षानळ्या. मागे वर्तमानपत्राचं पान.)

ठाण्यातल्या एका नर्सिंग कॉलेजची प्रयोगशाळा. पहिलं वर्ष. टेबलाभोवती वीसेक मुली आणि चार मुलगे. कुणी मुरबाडचं, कुणी शहापूरचं, कुणी दिव्याहून लोकलच्या गर्दीत उभं राहून आलेलं. तीन नळ्यांत पाण्यासारखंच दिसणारं काहीतरी होतं. प्रत्येकीत रक्ताचे सारखेच थेंब टाकलेत.

आता नळ्यांमागचं वर्तमानपत्र बघा. पहिली लाल, गढूळ. अक्षर दिसत नाही. दुसरीही तशीच. तिसरी मात्र कोकम सरबतासारखी नितळ. तिच्यातून मथळा सरळ वाचता येतो.

तिसऱ्या नळीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर आहे. तांबड्या पेशींनी ते आत ओढून घेतलं, त्या टम्म फुगल्या आणि फुटल्या. उजेड अडवायला पेशीच उरल्या नाहीत. पहिल्या नळीत ०.९ टक्के मीठ, तिथे पेशी सुखरूप. दुसरीत ३ टक्के. तिथे उलट झालं: पेशींतलं पाणी बाहेर गेलं आणि त्या मनुकांसारख्या सुरकुतल्या.

ऑस्मॉसिस. परासरण. दोन्ही शब्द वहीत उतरतात, चेहरे मात्र कोरेच राहतात. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीला पहिल्या सत्रात अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी आणि इंग्रजी पुस्तकं एकदमच भेटतात. म्हणून मी वर्गात काकडी घेऊन जाते.

“कोशिंबिरीत मीठ कधी घालता?”

“वाढायच्या वेळी, मॅडम.”

“आधी का नाही?”

“पाणी सुटतं!”

हे त्यांना आईनं कधीच शिकवलेलं असतं. रक्तातही तेच घडतं, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं.

(पूर्व द्रुतगती महामार्ग. भांडुपची मिठागरं.)

मुंबईहून ठाण्याकडे येताना उजव्या हाताला ही मिठागरं लागतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वॉर्डात टांगलेल्या नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार. रक्तातल्या पेशी फुगू नयेत, सुकूही नयेत, यासाठी ठरलेलं हे माप आहे.

इथे मला माझी एक रात्र सांगायलाच हवी.

मी शिकत होते, नाइट ड्युटी होती. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर हवं होतं. ट्रेमध्ये १० मिलीच्या दोन अँप्युल शेजारी शेजारी होत्या, दोन्ही पाण्यासारख्या स्वच्छ. मी एक उचलली, फोडणार तोच मागून सिस्टरांनी मनगट धरलं. “लेबल वाच. मोठ्यानं वाच.”

पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक).

रक्तात पोटॅशियम असतं लिटरला फक्त ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. पेशीच्या आत मात्र सुमारे १४०. आतल्या-बाहेरच्या या तफावतीवर हृदयाचा ठोका चालतो. बाहेरचं पोटॅशियम एकाएकी वाढलं, तर हृदय थांबू शकतं. म्हणून ते मोठ्या बाटलीत मिसळून, सावकाशच द्यायचं. सिरिंजनं थेट शिरेत कधीही नाही. फिजिओलॉजीच्या पेपरात हे सगळं मी लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. तरी हात त्याच अँप्युलकडे गेला होता.

तेव्हापासून माझ्या वर्गात लेबल मोठ्यानं वाचायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावली जाते.

दुसऱ्या सत्रात बायोकेमिस्ट्री येते. ती मुलांना रुक्ष वाटते, पण मला सगळ्यांत जवळची. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळलं आणि ते पिंपांतून लोकांना प्यायला दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम तिथून जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. कॉलऱ्यातही ते दार शाबूत राहतं. नुसतं पाणी पाजून जे साधत नाही, ते साखर-मिठाच्या पाण्यानं साधतं ते यामुळे.

(मुलांचा वॉर्ड. दुपार.)

जुलाबानं मलूल झालेलं दीड वर्षाचं बाळ. आईनं एक लिटरचं अख्खं ओआरएसचं पाकीट एका पेल्यात ढवळलंय. घट्ट दिलं तर लवकर गुण येईल, असं तिला वाटतं. पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिच्याजवळ खाटेवर टेकते.

“ताई, काकडीला मीठ लावलं की काय होतं?”

“पाणी सुटतं.”

“बाळाच्या आतड्यातही असंच पाणी सुटेल. जुलाब वाढतील.”

आई पेला खाली ठेवते. मुलगी लिटरची बाटली विसळून पिण्याच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरते, नवं पाकीट फोडते, आधी त्यावरचं लेबल मोठ्यानं वाचते.

पहिला चमचा बाळ थुंकून टाकतं. दुसरा गिळतं.