फुग्यातला वीतभर दाब

नमस्कार मंडळी. शाहू स्मारकमध्ये आज भजनी मंडळांच्या बऱ्याच जणी आल्यात, म्हणून गळ्यापासूनच सुरुवात करते.

मी नव्यानं भूल द्यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका मावशींना दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेले. टाके कोरडे, ताप नाही. विचारलं, कसं वाटतंय? त्यांनी गळ्याला हात लावला आणि कुजबुजल्या, "पोटाचं काय न्हाई, पर थुकी गिळंना बघा." दर गुरुवारी त्या भजनात पुढं बसून गायच्या. त्या गुरुवारी गेल्या नाहीत. "नळीमुळं होतं, जाईल दोन दिवसांत," असं म्हणून मी पुढच्या खाटेकडं वळले. बोलले ते खोटं नव्हतं, बहुतेकांचा घसा दोन-तीन दिवसांत बरा होतोच. तरी ते मला अजून बोचतं, कारण त्या नळीचा फुगा मी स्वतः भरला होता आणि त्यातला दाब मोजला नव्हता.

पूर्ण भुलीच्या मोठ्या ऑपरेशनात बहुतेक वेळा श्वास यंत्रावर चालतो. त्यासाठी तोंडातून, स्वरयंत्राच्या पट्ट्यांमधून श्वासनलिकेत नळी सरकवतात. तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो, त्याला आम्ही कफ म्हणतो. खोकल्यातल्या कफाशी त्याचा काही संबंध नाही. तो फुगला की हवा बाजूनं निसटत नाही आणि उलटीचं पाणी फुप्फुसात उतरायचा धोका कमी होतो. फुगा हवाच. पण श्वासनलिकेच्या अस्तरात केसासारख्या रक्तवाहिन्या असतात. फुग्याचा दाब 30 सेंटिमीटर उंच पाण्याच्या भारापेक्षा वर गेला की त्या दबतात, अस्तराला रक्त कमी पोचतं. म्हणून 20 ते 30 च्या मध्ये राहायचं. आपली वीत साधारण 20-22 सेंटिमीटर भरते. वीतभर उंच पाण्याचा भार, बस्स, एवढाच तिथं चालतो.

आणि आम्ही काय करायचो? सिरिंजनं हवा भरायची, आतल्या फुग्याला जोडलेला, बाहेर लोंबणारा चिमुकला फुगा चिमटीत दाबायचा आणि "झालं" म्हणायचं. बोटांना हा फरक कळत नाही. पहिल्यांदा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावला तेव्हा माझ्या 'बरोबर' वाटणाऱ्या फुग्यात काटा 60 च्या पुढं गेला होता. त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय फुगा सोडत नाही. भुलीत नायट्रस ऑक्साइड असेल तर तो वायू फुग्यात झिरपतो, दाब आपोआप चढतो, मग मध्येमध्ये पुन्हा मोजावं लागतं.

दुसरी गोष्ट नळीच्या जाडीची. जाड नळीनं घसा जास्त दुखतो, म्हणून चालेल तेवढी बारीक घ्यावी. बायकांना मी बहुधा आतून सात मिलिमीटरची किंवा त्याहून अर्ध्या मिलिमीटरनं लहान घालते. सुन्न करणारी जेली नळीला चोपडली की आराम पडेल, असं वाटायचं. अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही, काहींत तर त्रास वाढलेलाच दिसला. भुलीच्या वेळी शिरेतून दिलेल्या डेक्सामेथासोन या सूज कमी करणाऱ्या औषधानं मात्र फरक पडतो, पण मधुमेह असेल तर साखर बघून द्यावं लागतं.

आता आजीच्या बटव्यातलं. जेष्ठमध! अर्धा ग्रॅम जेष्ठमध 30 मिलिलिटर पाण्यात घालून भुलीच्या 5 मिनिटं आधी गुळण्या केल्या, तर घसा कमी दुखतो असं 2009 साली आपल्याकडच्या अभ्यासात दिसलं. 2013 साली व्हिएन्नामध्ये 236 रुग्णांवर तपासलं, तिथंही तेच. पण घरून परस्पर करून येऊ नका. ऑपरेशनआधी उपाशी राहायचं असतं, गुळणी पोटात जाता कामा नये. आधी भूलतज्ज्ञांना विचारा.

त्याच भेटीत तुम्ही गाता, शाळेत शिकवता की बाजारात ओरडून माल विकता, तेही सांगा. सर्दी-खोकला असेल, मिसरी किंवा बिडी असेल, तर लपवू नका. दाब मोजणार का, असं सरळ विचारा, मला कुणी विचारलं तर आनंदच होतो. नंतर पाणी प्यायची परवानगी मिळाली की कोमट घोट घोट घ्या, दोन दिवस तांबडा रस्सा बाजूला ठेवा. आठवडा उलटूनही आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. श्वास घ्यायला त्रास, ताप किंवा घास अजिबात उतरत नसेल, तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी या.