पुडीतलं नाव

(दृश्य : खलबत्ता, वाळलेली मुळं, कागदात बांधलेलं चूर्ण.)

"झाडपाल्याचं आहे हो, अपाय काही नाही." हे वाक्य आपण किती विश्वासानं बोलतो! बेल्जियममधल्या ब्रसेल्स शहरातल्या काही बायकांनीही असाच विश्वास ठेवला होता.

१९९२ साली तिथल्या डॉक्टरांकडे दोन स्त्रिया आल्या. वय पन्नाशीच्या आतलं, आणि दोघींची मूत्रपिंडं झपाट्यानं निकामी होत चाललेली. चौकशी करता करता एक धागा जुळला. दोघीही वजन कमी करायला एकाच दवाखान्यात जात होत्या. तो दवाखाना तर कित्येक वर्षं विनातक्रार चालला होता. मग आताच काय बिघडलं? १९९० मध्ये तिथल्या औषधात दोन चिनी वनस्पतींची भर पडली होती. त्यातली एक 'फांग ची'. पण चुर्णात आली होती 'ग्वांग फांग ची', म्हणजे नावानं जवळची, पण कुळानं वेगळी वनस्पती. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

(दृश्य : मूत्रपिंडाचा छेद, नलिकांचं जाळं.)

चुकून आलेल्या या 'ग्वांग फांग ची'त अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा बारीक नलिका पुन्हा रक्तात ओढून घेतात. हे आम्ल नेमकं त्या नलिकांच्या पेशींत शिरतं. पेशी मरतात, त्यांच्या जागी वण धरतो, मूत्रपिंड आक्रसत जातं. आणि हे सगळं मुकाट्यानं! अंगावर सूज नाही, लघवीला जळजळ नाही. नुसता थकवा, फिकटलेला चेहरा.

औषध बंद केलं तरी सुटका नव्हती. ब्रसेल्सच्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांत कर्करोग निघाला. २००० साली हे प्रसिद्ध झालं.

(दृश्य : कुंपणावर चढलेला वेल, फुटून पाळण्यासारखं लोंबणारं सुकं फळ.)

हा आपल्याकडचा सापसंद. कुणी याला ईश्वरी म्हणतं. याचं मूळ साप-विंचवाच्या विषावर देण्याची जुनी रीत आहे. हाही त्या 'ग्वांग फांग ची'च्याच, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकियाच्या कुळातला वेल. सह्याद्री बर्डविंग फुलपाखरू या कुळातल्या वनस्पतींवरच अंडी घालतं. अशा वेलींवर वाढणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्या त्यांतलं ते विषारी आम्ल अंगात साठवतात आणि पक्ष्यांपासून वाचतात. वेलाचा काही दोष नाही. त्याची जागा रानात आहे, आपल्या काढ्यात नाही.

धोका फक्त वनस्पतींचाच असतो असंही नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी पारा असलेली पारंपरिक औषधं घेणाऱ्यांत मूत्रपिंडाचा एक विकार नोंदवला. त्यात लघवीवाटे प्रथिनं वाहून जातात, लघवी फेसाळ होते, पाय सुजतात. दिलासा एवढाच की औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण सावरले.

(दृश्य : औषधाचं वेष्टन, बोटाखाली घटकांची यादी.)

म्हणून पुडी हातात आली की आधी नाव विचारा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, किती प्रमाण, किती दिवस. सांगायला कुणी तयार नसेल, तर ती पुडी तिथेच ठेवून या. सांधेदुखीवर एका दिवसात गुण देणाऱ्या चुर्णापासून तर दोन हात लांबच राहा; अशा चुर्णांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक गोळी कुटून घातलेली आढळली आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना त्रास असेल, तर औषध सुरू करण्याआधी आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट गाळतात की नाही हे ज्यावरून कळतं ते) आणि लघवी तपासून घ्या.

आणि डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" असं विचारलं, तर "काही नाही" म्हणू नका. सकाळचा काढाही सांगा. पुडी, बाटली, फाटकं वेष्टन, जे काही असेल ते पिशवीत घालून सोबत न्या, आणि त्यांच्या टेबलावर ठेवा.