झाडाचा जीव कुठे असतो?

[दृश्य: दक्षिण इंग्लंड, नोव्हेंबरची सकाळ. गवतावर गोठलेलं दव. कुंपणापाशी केळीची चार-पाच झाडं, पानं काळी पडून लोंबलेली.]

काल संध्याकाळपर्यंत ही पानं हिरवीगार होती. रात्री पारा शून्याखाली गेला आणि केळ एका रात्रीत काळवंडली. थंडीत पेशींच्या मधल्या जागेत बर्फाचे स्फटिक धरतात. ते पेशींमधलं पाणी ओढून घेतात, पेशी कोरड्या पडतात, त्यांची आवरणं फाटतात. मग ऊन चढतं, बर्फ वितळतो आणि पान मान टाकतं.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो छापून येतो. इथे हे दरसालचं आहे. तरीही इथली माणसं अंगणात केळ लावतात.

ही केळ म्हणजे मुसा बासजू. मूळची दक्षिण चीनची, पण युरोपात जपानमार्गे पोचली म्हणून तिला जपानी केळ म्हणतात. फळ खाण्याजोगं नाही, आत नुसत्या बिया. ती लावायची पानांसाठी, त्या मोठ्या, सळसळणाऱ्या पानांच्या हौसेसाठी. आणि हौस म्हणून मी तिला कमी लेखणार नाही. ज्या झाडाचा आपल्या हवेशी काही संबंध नाही, ते वर्षानुवर्षं जगवायचं तर त्याची नस ओळखावी लागते.

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो. थंड मुलखात परकं झाड जगवणाऱ्याला आधी तो पोपट शोधावा लागतो. झाडाचा जीव नेमका कुठे आहे? तो सापडला की बाकीचं झाड गेलं तरी चालतं.

[दृश्य: विळ्यानं पानं छाटली जात आहेत. कापलेल्या खुंटाचा आडवा छेद, जवळून.]

केळीचा बुंधा म्हणजे खोड नव्हे, हे आपल्याकडे सोपट सोललेल्या कुणालाही ठाऊक आहे. एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ, बस. वाढीचा कोंब तळाशी, कंदात असतो. मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर असेल, तर या जातीचा कंद उणे दहा अंशांतूनही तगतो आणि उन्हाळ्यात मुनवे फुटतात.

मग बुंधा वाचवायची खटपट कशाला? कारण बुंधा गेला तर झाडाला दरवर्षी जमिनीपासून सुरुवात करावी लागते, आणि इंग्लंडचा उन्हाळा तेवढा लांब नसतो. म्हणून पानं छाटून खुंट तसाच उभा ठेवतात. त्याच्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी उभी करायची. जाळी आणि खुंट यांच्यामध्ये कोरडा पेंढा किंवा वाळलेलं नेचं ठासून भरायचं. वर कौल किंवा पत्रा, पाऊस आत जाऊ नये म्हणून. बाजू मात्र उघड्या. प्लास्टिक गुंडाळलं की आत वाफ धरते, पाणी खुंटाच्या पोटात उतरतं आणि तो कुजतो. नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि ओल यांची जोडी जास्त घातक. इथल्या बागांमध्ये ही गोष्ट जितकी पटते तितकी दुसरी कुठलीच नाही.

[दृश्य: ग्रेट डिक्स्टर, ईस्ट ससेक्स. जुनं लाकडी घर आणि बाग.]

या हौसेला इंग्लंडमध्ये जी नवी उभारी आली, त्यात या बागेचा वाटा मोठा. नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन लट्येन्सनी इथे गुलाबाची बाग आखली होती. त्याच त्या मातीत वर्षानुवर्षं गुलाब लावल्यानं नवी रोपं जोम धरेनात. 1993 साली घराचे मालक ख्रिस्तोफर लॉइड यांनी, वयाच्या सत्तरीनंतर, फर्गस गॅरेट यांच्या साथीनं ते गुलाब उपटले आणि त्या जागी केळी, कर्दळी, डेलिया लावल्या. आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ तिथे कौतुकाची झाली. अळूही अशा बागांमध्ये निव्वळ पानांच्या दिमाखासाठी लावतात. मला यात त्या माणसाचं धाडस दिसतं. इंग्लंडात गुलाब उपटणं ही साधी गोष्ट नाही.

डेलियाचा जीव गड्ड्याच्या मानेत. डोळे तिथेच असतात, मान तुटलेला गड्डा कितीही गुबगुबीत असला तरी फुटत नाही. पहिल्या गोठणीनं पाला काळा पडला की गड्डे खणून काढतात, पोकळ देठातलं पाणी निथळावं म्हणून उलटे ठेवतात आणि कोरड्या, न गोठणाऱ्या जागी हिवाळाभर जपतात.

वृक्षनेच्याचं गणित उलटं.

[दृश्य: वृक्षनेचं. कॅमेरा बुंध्यावरून वर सरकतो आणि शेंड्यावर थांबतो.]

आग्नेय ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियातून आलेलं हे डिक्सोनिया अंटार्क्टिका. बुंधा दणकट दिसतो, पण त्यावरचं जाड वेष्टण मुळांचं. जीव वर, शेंड्याच्या खळग्यात. तिथे पुढच्या वर्षीची पानं घट्ट वळलेल्या मुठी करून, तपकिरी केसांत दडलेली असतात. त्या खळग्यात पेंढा भरतात आणि जुनी पानं त्यावर दुमडून बांधतात. केळीला जपायचं पायाशी, याला डोक्याशी.

हेच वृक्षनेचं स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, इनव्हर्यू बागेतही वाढतं. ही जागा मॉस्कोच्याही उत्तरेला आहे. अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथे कडाक्याची थंडी पडू देत नाही, पण खारा वारा झाडांना उभं राहू देत नाही. ऑसगुड मॅकेन्झी यांनी 1862 नंतर त्या खडकाळ माळावर आधी वारा अडवणारी झाडं लावली, आणि ती वाढेपर्यंत कळ काढली.

खानदेशातला शेतकरी हे लगेच ओळखेल. रावेर-यावलला केळीबागेच्या कडेनं वारा अडवायला शेवरी लावतात. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, मग रात्री पाणी द्यायचं, बांधावर धूर करायचा. तिथे हौस नाही, वर्षाचं उत्पन्न आहे.

[दृश्य: न्यू जर्सी. मराठी घरातली दक्षिणेकडची खिडकी, कुंडीत कढीपत्ता.]

आणि ही आपल्या माणसांची खटपट. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, लिंबूवर्गाच्या बागांना रोग पोचवणारी कीड याच्यावर पोसली जाते. म्हणून अमेरिकेत याची रोपं इकडून तिकडे न्यायला अनेक ठिकाणी निर्बंध आहेत. त्यामुळे घरातलं एक जुनं झाड फार मोलाचं.

याचा जीव मुळांत. ऑक्टोबरात कुंडी घरात आली की पानं पिवळी पडून गळतात, आणि काळजीपोटी माणूस पाणी वाढवतो. तिथेच झाड जातं. पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही, गार ओल्या मातीत मुळं कुजतात. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. देठांवर चिकट डाग दिसले तर खवले कीड आहे, ओल्या फडक्यानं पुसून काढायची.

मे महिन्यात रात्रीसुद्धा दहा अंशांच्या वर राहू लागल्या की कुंडी बाहेर, पण थेट उन्हात नाही. आठवडाभर सावलीत, मग सकाळचं ऊन, मग दिवसभराचं. नवी पालवी फुटली की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फाटे येतात आणि फोडणीला पुरेल इतका पाला ऑगस्टपर्यंत हाताशी येतो.