मुखपृष्ठ काढू नये

(दृश्य : लोखंडी मांडणी. काळ्या रेक्झिनमधले एकसारखे जाड खंड, कण्यावर सोनेरी अक्षरांत नुसती वर्षं.)

हे दिवाळी अंक आहेत. ओळखू येत नाहीत, कारण यांचे चेहरेच काढून टाकलेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून चार-पाच अंकांचा गठ्ठा बांधणीला जातो तेव्हा बाइंडर आधी पिना उपटतो, मग मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं बाजूला करतो. खंड सरळ दिसावा म्हणून तीन बाजूंनी कटिंग मारतो. कथा-कविता टिकतात, चित्र रद्दीत जातं. चुकून मुखपृष्ठ राहिलंच, तरी कडेचे चार-पाच मिलिमीटर उडालेले असतात. चित्रकाराची सही बहुतेक वेळा तिथेच असते, खालच्या कोपऱ्यात.

म्हणून मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरवायचं तर सुरुवात सजावटीपासून होत नाही. न बांधलेले अंक शोधावे लागतात. ते असतात माळ्यावर, देणगीत आलेल्या गठ्ठ्यांत, 'जादा प्रती' असं लिहिलेल्या खोक्यांत.

(दृश्य : खोक्यातून एकेक अंक बाहेर. टेबलावर पांढरी चादर.)

मराठी दिवाळी अंकाची सुरुवात काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 1909 च्या 'मनोरंजन'पासून मानतात. त्यानंतरची कित्येक दशकं ज्या घरात चित्रांचं एकही पुस्तक नव्हतं, त्या घरातही रंगीत चित्र यायचं ते या अंकाच्या पाठीवर बसून. मडगावला जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांनी 1945 साली स्वतःचं 'दीपावली' काढलं. 1951 साली मधुकर पाटकरांचा 'आवाज' आला आणि मुखपृष्ठाला खिडकी पडली. तिच्याकडे पुढे येऊच.

आधी भिंग लावून पाहू. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं.

(दृश्य : भिंगाखाली मुखपृष्ठावरच्या स्त्रीचा गाल आणि ओठ.)

गाल गुलाबी दिसतो, पण गुलाबी शाई कुठेच नाही. तांबडे आणि पिवळे ठिपके आहेत, मध्ये कोरा कागद. चित्राचा फोटो जाळीतून घेऊन प्रत्येक रंगाचा धातूचा वेगळा ब्लॉक करत आणि तोच कागद एकेका रंगासाठी पुन्हा मशीनवर चढवत. एखादा ब्लॉक केसभर सरकला की ओठांचा रंग ओठांबाहेर जायचा. छापखान्यात म्हणत, रजिस्टर हललं. इथे हललंय. प्रदर्शनात हा अंक लपवू नये, उलट शेजारी भिंग दोरीने बांधून ठेवावं. विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ तिथेच रेंगाळतात.

आता तारीख. ऐन दिवाळीत सत्र परीक्षा आणि सुट्टी, शिवाय पावसाळ्याची ओल कागदातून पुरती गेलेली नसते. जानेवारीतला 14 ते 28 हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा त्यापेक्षा सोयीचा. हवा कोरडी असते आणि कॉलेज भरलेलं असतं. किनारपट्टीवर मात्र जानेवारीतही बेसावध राहू नये. कपाटात छोटा आर्द्रतामापक ठेवावा. काटा 45 ते 60 टक्क्यांत असेल तर ठीक. 65 च्या वर टिकून राहिला तर बुरशीला आमंत्रण. सिलिका जेलच्या पुड्या चालतात, पण त्या भरल्या की नुसती शोभा. रंग बदलणारं जेल घ्यावं, म्हणजे कळतं. डांबरगोळ्या नकोत. बंद कपाट उघडलं की तो वास आधी माणसाच्या छातीत जातो.

मुखपृष्ठाचा आर्ट पेपर एका बाबतीत फार वाईट. त्याच्यावर चिकणमातीसारखा गुळगुळीत लेप असतो. ओल लागली की तो लेप मऊ होतो आणि जे समोर असेल त्याला चिकटतो. फ्रेमची काच थेट मुखपृष्ठावर टेकवली आणि पावसाळा तसाच गेला, की काच काढताना चित्र काचेसोबत येतं. म्हणून काच आणि कागद यांच्यात माउंटबोर्डाची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची, मधोमध कापलेली चौकट हवीच, किमान तीन मिलिमीटरची फट. बोर्ड आम्लमुक्त घ्यावा. सेलोटेप, डबल टेप, पंचिंग, लॅमिनेशन यांपैकी काहीही मूळ अंकाला नाही.

(दृश्य : लक्समापक, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. आधी खिडकीजवळ, मग कपाटात.)

प्रकाशाचा हिशेब सोपा आहे आणि तरी सगळ्यात जास्त चुकतो. छापील रंगांसाठी 50 लक्स ही सर्वमान्य मर्यादा. मोबाइलवरच्या ॲपने ढोबळ माप मिळतं. रोज आठ तास, 30 दिवस, 50 लक्स म्हणजे 12,000 लक्स-तास. हाच अंक 500 लक्सच्या वाचन-टेबलावर ठेवला तर तेवढाच मारा तीन दिवसांत बसतो. कागद प्रकाश विसरत नाही. मध्ये अंधारात ठेवला म्हणून उडालेला रंग परत येत नाही. उडतात ते आधी तांबडा आणि पिवळा. जुनं मुखपृष्ठ निळसर, आजारी दिसतं ते त्यामुळे. कपाटाच्या आत दिवा नको, खिडकीला जाड पडदा हवा, आणि दर आठवड्याला अंक बदलावा किंवा पान उलटावं.

पिनांचं पाहू. मधोमध पिना मारलेला अंक बऱ्यापैकी उघडतो. कडेने पिना मारून वर मुखपृष्ठ चिकटवलेला अंक मात्र सपाट उघडतच नाही. फोटो चांगला यावा म्हणून कुणी तळहाताने दाबला की कणा 'कट्' करून मोडतो. अशा अंकाला माउंटबोर्डाची पाळण्यासारखी घडी करावी, 90 ते 100 अंशांत जेवढा आपणहून उघडेल तेवढाच उघडावा, आणि पान धरायला पॉलिएस्टर फिल्मची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी. पट्टीची दोन टोकं एकमेकांना चिकटतात, कागदाला नाही. गंजलेली पिन काढायचीच झाली तर पिन उपटण्याच्या चिमट्याने नाही. त्याचे दात कागद फाडतात. मागून पाय सरळ करावेत, मग पातळ बोथट पात्याने समोरून उचलावी.

(दृश्य : खिडकीचित्र. बोट न लावता, बांबूच्या पातळ पट्टीने वरचा कागद उचलला जातो.)

आणि ही 'आवाज'ची खिडकी. वरच्या चित्रात कापलेल्या चौकोनातून आतल्या पानाचा एक तुकडा दिसतो. पाहणाऱ्याच्या मनात नको ते येतं. पान उलटलं की आत भलतंच निरागस चित्र. विनोद चित्रात नाही, पान उलटण्यात आहे. म्हणूनच काचेआड ठेवलेली खिडकी अर्धीच कळते, आणि लोकांच्या हाती दिली तर आठवड्यात कापलेली कड फाटते. मार्ग एकच : मूळ अंक कपाटात, शेजारी हाताळायला जाड कागदावरची प्रतिकृती.

प्रतिकृतीसाठी स्कॅन करताना जाळीचे ठिपके स्कॅनरच्या जाळीशी भांडतात आणि चित्रावर लाटा उमटतात. 600 पीपीआयला (इंचाला 600 बिंदू) स्कॅन करावं, ठिपक्यांची जाळी पुसणारं 'डिस्क्रीन' चालू ठेवावं, मग लहान करावं. ए-फोर आकाराची रंगीत टिफ फाइल सुमारे 100 एमबीची होते. जागा आधी पाहावी. कडेने पिना मारलेला अंक स्कॅनरवर दाबू नये, वरून कॅमेऱ्याने घ्यावा.

इथे कायदा मध्ये येतो. आपल्याकडचा मूळ अंक कपाटात मांडायला कुणाला विचारावं लागत नाही. त्याचं पोस्टर, बुकमार्क किंवा संस्थेच्या पानावरचा फोटो ही वेगळी गोष्ट. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो. म. वि. धुरंधर 1944 साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दलाल 1971 साली गेले. त्यांच्या चित्रांचा हक्क 2031 अखेरपर्यंत. तो वारसांकडे की प्रकाशकाकडे, हे त्या वेळी काय ठरलं होतं त्यावर अवलंबून. लेखी परवानगी घ्यावी. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाइलसाठी दालनाचे फोटो काढणं वेगळं, एकेक मुखपृष्ठ चकचकीत छापून वाटणं वेगळं.

(दृश्य : चिठ्ठ्या.)

चिठ्ठीवर अंकाचं नाव, वर्ष, चित्रकार, आकार आणि ॲक्सेशन नंबर, म्हणजे ग्रंथालयाचा दाखल क्रमांक. चित्रकाराचं नाव सहीवरून ओळखण्याआधी अनुक्रमणिकेच्या पानावर 'मुखपृष्ठ' या शब्दापुढे पाहावं. अक्षर 18 पॉइंटहून लहान नको, आणि ओळींत अंतर सोडावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

(दृश्य : वाचन-टेबलावर कटर, मॅट, स्टीलची पट्टी.)

शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांना खिडकी करायला बसवावं. बाहेरच्या पानाला 200 जीएसएमचा (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा) कार्ड, आतल्याला 120 चा कागद. बहुतेक जण आधी बाहेरचं चित्र काढतात आणि फसतात. आधी आतलं चित्र पूर्ण करायचं, मग त्यातला कुठला तुकडा फसवेल ते ठरवायचं. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरून चौकोन उतरवायचा आणि रेषेच्या दोन मिलिमीटर आतून कापायचा. मोठी झालेली खिडकी लहान करता येत नाही. कोपऱ्यापासून मध्याकडे कापावं, म्हणजे कोपरे फाटत नाहीत. पातळ केलेला फेव्हिकॉल कागदाला पापडासारखा वळवतो. ग्लू स्टिक घ्यावी, तीही फक्त कण्याच्या कडेला.

प्रदर्शन उतरवताना प्रत्येक अंक मांडण्यापूर्वीच्या फोटोशी ताडून पाहावा आणि आम्लमुक्त कागदात गुंडाळून आडवा ठेवावा. पुढच्या बांधणीच्या गठ्ठ्यावर बाइंडरसाठी चिठ्ठी लावावी, ठळक अक्षरांत : मुखपृष्ठ काढू नये. जाहिराती काढू नयेत. कटिंग करू नये.

(दृश्य : गठ्ठा सुतळीने बांधला जातो. चिठ्ठी सुतळीखाली.)